कोल्हापूरच्या डोंगरात एक रात्र : हलकी सॅक, योग्य मुक्काम आणि कॅमेरा

डोंगरात छायाचित्रे काढायला जाणारा माणूस साध्या ट्रेकरपेक्षा दोन-अडीच किलो जास्त ओझे घेऊन निघतो, आणि पुष्कळदा हेच ओझे त्याची छायाचित्रे बिघडवते. चांगला उजेड दिवसाच्या दोन टोकांना मिळतो, म्हणजे अंधारात चढून कड्यापाशी पोहोचायचे किंवा अंधारात उतरून मुक्कामावर यायचे. या दोन्ही वेळा पाठ आणि गुडघे शाबूत असावे लागतात. थकलेला माणूस कॅमेरा सॅकमधून बाहेरच काढत नाही. म्हणून या लेखातला क्रम नेहमीच्या ट्रेकिंगच्या क्रमापेक्षा वेगळा आहे : आधी चित्र ठरवायचे, मग त्याला सोयीचा मुक्काम शोधायचा आणि त्यानंतरच सॅक भरायला घ्यायची. पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी आणि भुदरगड हा टापू डोळ्यांपुढे ठेवून आणि मुख्यतः एका रात्रीच्या मुक्कामाचा विचार करून हे लिहिले आहे.

चित्र आणि हंगाम

कोल्हापूर जिल्ह्याची पश्चिमेकडची कड म्हणजे घाटमाथा. तिथून कोकण थेट खाली दिसते, त्यामुळे गगनबावड्याच्या बाजूला सूर्यास्त दरीवर होतो आणि सूर्योदय पाठीमागच्या डोंगरांतून येतो. थंडीत पहाटे कोकणात धुके साचलेले असते आणि पूर्वेकडून येणारा तिरपा उजेड आधी कड्याच्या माथ्यावर व नंतर त्या धुक्यावर पडतो. माझ्या मते या जिल्ह्यातले सर्वांत देखणे दृश्य हेच आहे, आणि ते पाहायचे तर रात्री घाटमाथ्यावरच्या गावात असण्याला पर्याय नाही. पन्हाळा आणि जोतिबाच्या बाजूला मोकळी पठारे, तटबंदी आणि खाली पसरलेली उसाची शेते मिळतात. राधानगरी-दाजीपूरकडे दाट जंगल आणि जलाशयाचे पाणी मिळते. यांपैकी एकच विषय एका फेरीसाठी निवडावा, कारण सगळे टिपायचे म्हटले की भिंगे वाढतात आणि त्यांच्यामागोमाग वजनही वाढते.

तंबूत राहण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम असतो. पावसाळ्यात गगनबावडा आणि दाजीपूर परिसरात जो पाऊस, वारा आणि धुके असते, त्यात हलक्या तंबूचा निभाव लागत नाही. त्या दिवसांत गावातल्या घरात मुक्काम करून दिवसा फिरावे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पठारांवर तेरडा, सोनकी आणि सीतेची आसवे फुलतात, तेव्हाही दिवसाच जावे. त्याचे कारण पुढे येईल. मार्चनंतर झरे आटतात आणि गवत वाळून वणव्याची भीती वाढते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळीव येतो आणि उघड्या पठारावर विजेपासून आडोसा मिळत नाही. हवेच्या स्वच्छतेचाही विचार करावा. ऊसतोड चालू असताना पाचट पेटवले जाते, त्याचा धूर थंडीच्या सकाळी खोऱ्यांत साचून राहतो आणि दूरचे डोंगर पुसट होतात. लांबचा, स्वच्छ देखावा हवा असेल तर पाऊस संपल्यानंतरचे पहिले काही आठवडे साधावेत.

मुक्काम कुठे करता येतो

“डोंगर सगळ्यांचाच आहे, कुठेही तंबू ठोकू,” हा समज सर्वप्रथम सोडावा. इथला प्रत्येक उतार कोणाच्या ना कोणाच्या ताब्यात आहे : वनखात्याच्या, गावाच्या गायरानाच्या, देवस्थानाच्या किंवा शेतकऱ्याच्या. राधानगरी अभयारण्याची सुरुवात १९५८ मध्ये दाजीपूरच्या गव्यांसाठी झाली आणि आज ते सुमारे ३५१ चौरस किलोमीटरांवर पसरले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही, त्यामुळे तिथे मनाला येईल तिथे तंबू लावणे हा गुन्हा ठरतो. राहायचे असेल तर वनखात्याच्या परवानगीने, अधिकृत निवासातच राहावे. ड्रोनचा विचार तर परवानगीवाचून करूच नये. गेल्या काही वर्षांत विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड आणि नंतर मसाई पठार अशा अनेक भागांना संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे, म्हणून पूर्वी कोणीतरी एखाद्या जागी राहिले होते हा पुरावा आता पुरेसा नाही. परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करूनच निघावे. पन्हाळा हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे आणि २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. तिथल्या तटाजवळ किंवा बुरुजावर तंबू लावण्याचा प्रश्नच येत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, मुक्काम करू नये, असे माझे ठाम मत आहे. जांभ्या कातळावर मातीचा थर अनेक ठिकाणी बोटभरही नसतो. त्या थरात पावसाळ्यातल्या फुलांचे बी आणि कंद वर्षभर पडून असतात, आणि एका रात्रीचा तंबू, त्याभोवतीची वर्दळ व उचललेले दगड एवढ्यानेही तो थर खरवडला जातो. फुलांच्या दिवसांत चालतानासुद्धा पाय उघड्या कातळावरच ठेवावा.

मग राहावे कुठे? पठाराच्या खालच्या वाडीत. भाताची कापणी झाल्यावर मोकळी पडलेली खाचरे सपाट असतात, त्यांत खुंट्या नीट बसतात आणि मालकाने हो म्हटले की दुसऱ्या कोणाचीही हरकत उरत नाही. शाळेची पडवी, देवळाचा सभामंडप किंवा एखाद्याचे अंगण मिळाले तर तंबू घरीच ठेवता येतो, आणि वजन कमी करण्याचा इतका सोपा उपाय दुसरा नाही. पन्हाळ्याहून मसाई पठारावरून पावनखिंडीकडे जाणाऱ्या वाटेवर खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्या आहेत. १६६० च्या जुलैतल्या त्या रात्रीच्या स्मरणार्थ दर पावसाळ्यात चालणाऱ्या मोहिमा याच वाड्यांच्या आधाराने होतात, त्यामुळे पाहुण्यांची इथे सवय आहे. गावात पोहोचताच सरपंच किंवा पोलीस पाटील यांना भेटून आपण कोण, किती जण, रात्री कुठे झोपणार आणि पहाटे कोणत्या वाटेने जाणार हे सांगावे. “मामा, तुमच्या खाचरात रात्रीपुरता तंबू लावू का?” असे दिवस मावळण्यापूर्वी विचारणे आणि अंधारात परस्पर तंबू ठोकून पहाटे दारात कुत्री भुंकायला लावणे, यांत मिळणाऱ्या वागणुकीचा फार मोठा फरक असतो. जेवणाचे पैसे आधी ठरवून घ्यावेत व न मागता द्यावेत. देवराईत मात्र कोणी परवानगी दिली तरी राहू नये.

वजनाचा हिशेब

स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घेऊन प्रत्येक वस्तू तोलावी आणि वहीत लिहावी. अंदाजाने वजन कधीच कमी होत नाही. पाणी, अन्न आणि इंधन वगळून उरणाऱ्या वजनाला ट्रेकर ‘बेस वेट’ म्हणतात. ते नऊ किलोंच्या आत असेल तर सॅक हलकी आणि साडेचार किलोंच्या आत असेल तर अतिहलकी, असा जगभरचा ढोबळ संकेत आहे. कोल्हापूरच्या थंडीसाठी नऊच्या आत राहणे अजिबात अवघड नाही.

दोघांनी मिळून जायचे धरून एक हिशेब मांडतो. पंचेचाळीस लिटरची सॅक सुमारे १,१०० ग्रॅम, २,४०० ग्रॅमचा दोन माणसांचा तंबू वाटून घेतल्यावर प्रत्येकी १,२००, दहा अंशांपर्यंत पुरणारी स्लीपिंग बॅग ९००, फोमची कॅरीमॅट ३५०, स्वेटर किंवा फ्लीस ४००, विंडचीटर २५०, झोपायचे कोरडे कपडे आणि जादा मोजे ५००, हेडटॉर्च ९०, प्रथमोपचार, पाण्याची गाळणी, चाकू आणि दुरुस्तीची दोरी ४५०, पातेले-कप-चमचा २५०, पॉवर बँक २३०, साबण, खुरपे व तत्सम २००. हे सारे सहा किलोंच्या किंचित आत बसते. कॅमेरा, एक भिंग, दोन जादा बॅटऱ्या, हलका ट्रायपॉड आणि फिल्टर मिळून साधारण २,३०० ग्रॅम होतात. बेरीज सव्वाआठ किलोंच्या आसपास जाते. तीन लिटर पाणी आणि किलोभर खाणे धरले तर पाठीवर सव्वाबारा किलो येतात. पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या एक-पंचमांशाहून जास्त नसावे हा संकेत पाळला, तर पासष्ट किलोंच्या माणसाला तेरा किलोंची मर्यादा असते आणि तो तिच्या आत राहतो.

वजन कमी करताना लोक टूथब्रशचा दांडा कापतात आणि दुसरे भिंग मात्र सोबत ठेवतात; हे उलटे आहे. कपात मोठ्या वस्तूंपासून सुरू करावी, म्हणजे सॅक, तंबू, अंथरूण आणि कॅमेरा. महाग हलके साहित्य विकत घेण्यापूर्वी असलेल्या साहित्यातून काय घरी ठेवता येईल ते पाहावे. जीन्स ओली झाली की जड होते आणि वाळत नाही, म्हणून ती बाद. चालताना घालायच्या कपड्यांचा दुसरा जोड नको; झोपायचा कोरडा जोड मात्र हवाच. भिंगांच्या बाबतीत कड्याच्या देखाव्यांसाठी रुंद कोनाचे एक भिंग पुरते आणि दूरच्या डोंगररांगांच्या थरांसाठी लांब पल्ल्याचे भिंग लागते. यांपैकी कोणते, हे पहिल्याच पायरीवर चित्र ठरवताना निकाली निघालेले असते. ट्रायपॉड फक्त धबधबा, पहाटेचा अंधुक उजेड किंवा तारे यांसाठी घ्यावा. ते नसेल तर कापडी पिशवीत मूठभर धान्य भरून ती दगडावर ठेवावी, कॅमेरा त्यावर टेकवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. किलोभर वजन वाचते.

सॅक भरताना स्लीपिंग बॅग तळाशी, जड वस्तू पाठीला लागून मध्यभागी आणि विंडचीटर सर्वांत वर ठेवावे. आतून जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी लावली की सॅकवरच्या पावसाळी आवरणापेक्षा सामान अधिक खात्रीने कोरडे राहते. कॅमेरा मात्र छातीशी असलेल्या लहान पिशवीत किंवा खांद्याच्या पट्ट्यावर अडकवलेला असावा.

खाणे आणि पाणी

एका रात्रीसाठी स्टोव्ह नेऊ नये, असे मी सुचवेन. गॅसची डबी, स्टोव्ह आणि भांडी मिळून पाऊण किलो होतात, शिवाय एसटीत आणि रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू नेण्यास मनाई आहे. संध्याकाळचे जेवण वाडीत सांगावे. सोबत दुधात भिजवलेल्या दशम्या किंवा धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कोरडा खर्डा, गूळ-शेंगदाणे आणि भडंग घ्यावे. हे दोन दिवस सहज टिकते आणि चुलीवाचून खाता येते. आयात केलेल्या एनर्जी बारमध्ये जे असते ते आपल्या गूळ-शेंगदाण्यांत कमी पैशांत मिळते. पहाटेच्या चहावाचून ज्यांचे चालत नाही त्यांनी रात्रीच वाडीतून थर्मासमध्ये भरून घ्यावा.

चालताना तासाला साधारण अर्धा लिटर पाणी धरावे. पठारांवरचे झरे आणि डबकी ही गुरांचीही पाणवठ्याची जागा असते, त्यामुळे पाणी कितीही नितळ दिसले तरी गाळून व क्लोरीनची गोळी टाकून, वेष्टनावर दिलेला वेळ थांबूनच प्यावे. गावात भरता येत असेल तिथे बाटल्या पूर्ण भरून घ्याव्यात. पुढे झरा आहे असे ऐकले असेल तर तो याच महिन्यात वाहतो का, हे गुराख्याला विचारावे.

तंबू लावताना

दिवस मावळण्यापूर्वी तासभर आधी जागा पक्की करावी. थंड हवा रात्री खाली उतरते आणि सखल भागात साचते, म्हणून सर्वांत खालच्या खाचरापेक्षा एक-दोन टप्पे वरचे खाचर अधिक उबदार आणि कमी दवाचे असते. ओढ्याचे पात्र, वाळलेल्या फांद्यांखालची जागा आणि आग्या मोहोळ असलेले झाड वा कडा टाळावा. धूर, उग्र अत्तर आणि दगडफेक यांनी मधमाश्या चवताळतात. उसाच्या फडाच्या कडेलाही तंबू नको. गवे रात्री पिकात उतरतात, आणि आजरा-चंदगड भागात हत्तींचा वावर असल्याने तिथे तर गावाबाहेर मुक्काम करूच नये.

जांभ्याच्या जमिनीत खुंटी शिरत नाही. त्यासाठी दोन-दोन मीटरच्या चार-पाच दोऱ्या ठेवाव्यात, त्या मोठ्या दगडांना बांधून तंबू ताणावा आणि सकाळी दगड जिथून उचलले तिथेच परत ठेवावेत. दगड उचलताना पलीकडची कड आपल्याकडे ओढून उचलावा, म्हणजे खालून विंचू किंवा फुरसे निघालेच तर त्याची वाट आपल्यापासून दूर जाते. तंबूची निमुळती बाजू वाऱ्याकडे करावी. थंडीच्या रात्री दार आणि झरोके पूर्ण बंद केले तर आपल्याच श्वासाची वाफ कापडावर जमून स्लीपिंग बॅग ओली होते, तेव्हा थोडी फट ठेवावी. बूट तंबूच्या आत घ्यावेत आणि तरीही सकाळी झटकूनच घालावेत.

शेकोटी नको. नोव्हेंबरनंतर वाळलेले गवत एका ठिणगीने पेटते. शौचासाठी पाण्यापासून साठ मीटर दूर वीतभर खोल खड्डा खणावा. कातळावर खणता येत नाही, म्हणून वर जाण्यापूर्वी गावातच आटोपून घ्यावे.

पहाटेचा तास

डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्योदय सातच्या आसपास होतो. आपण विषुववृत्तापासून फार दूर नाही, त्यामुळे सूर्य तीव्र कोनात वर येतो आणि संधिप्रकाश लवकर सरतो : सूर्योदयापूर्वीचा निळा उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे टिकतो आणि सूर्य वर आल्यावर पाऊण तासात उन्हातला सोनेरीपणा ओसरतो. म्हणून जागेवर सहाला हजर असावे आणि ती जागा आदल्या संध्याकाळी पाहून, उभे राहण्याचा दगड ठरवून ठेवावा. अंधारात कड्यावर जागा शोधत फिरणे जिवावर बेतू शकते. हेडटॉर्च नेहमी चालू ठेवावा आणि चित्रचौकटीत पाहत मागे पाऊल टाकू नये.

धुक्याचे चित्र घेताना कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन फसते, कारण समोरचा पांढरेपणा ते मधल्या करड्या छटेला आणून ठेवते आणि धुके मळकट दिसते. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावे आणि हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, पाहून उजव्या टोकाला काही कापले जात नाही ना, याची खात्री करावी. सूर्य चौकटीत असेल तर आकाश आणि दरी यांतला फरक एका चित्रात मावत नाही. कॅमेरा न हलवता दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घेतली की पुढे जोडता येतात आणि फिल्टरचा डबा नेण्याची गरज उरत नाही. रांगांमागून रांगा दाखवायच्या असतील तर सूर्याकडे तोंड करून, लांब पल्ल्याच्या भिंगाने घ्यावे. बाजूच्या उजेडात ते थर वेगळे दिसत नाहीत. धबधब्यासाठी पाव ते एक सेकंदाचा वेग पुरतो, त्याहून लांबवले तर पाणी निव्वळ दुधाळ पट्टा होते.

गुराखी, धनगरवाड्यातल्या बाया किंवा मुले यांचे छायाचित्र विचारल्यावाचून घेऊ नये, आणि पाठवतो म्हणून सांगितले असेल तर छापील प्रत खरोखर पाठवावी.

तारे टिपायचे असतील तर

आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग फेब्रुवारीच्या अखेरीस पहाटे तीनच्या सुमारास आग्नेयेला उगवतो आणि मेमध्ये रात्री दहापर्यंत वर येतो. आपल्या अक्षांशावर तो दक्षिणेला जास्तीत जास्त ४४ अंशांपर्यंत चढतो. इथे मुक्कामाची निवड फार महत्त्वाची ठरते. पन्हाळ्यावरून पाहिले तर नेमके आग्नेयेलाच कोल्हापूर शहर आहे, त्यामुळे आकाशगंगा शहराच्या उजेडातूनच उगवते. गगनबावड्याहून शहर ईशान्य-पूर्वेला राहते आणि आग्नेयेला राधानगरीचे जंगल येते, म्हणून तिथले आकाश या कामासाठी कितीतरी चांगले. अमावास्येच्या मागचे-पुढचे तीन-चार दिवस निवडावेत.

भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३,२०० आणि फोकस हाताने, मोठ्या ताऱ्यावर पडदा वाढवून पाहून बसवलेला, अशी सुरुवात करावी. तारे रेघेसारखे ओढले जाऊ नयेत म्हणून पाचशेला भिंगाच्या फोकल लांबीने भागून येतील तेवढे सेकंद घ्यावेत. लहान सेन्सरवर आधी लांबीला दीडने गुणावे. अशा सेन्सरवर सोळा मिलिमीटरच्या भिंगाला याप्रमाणे सुमारे वीस सेकंद मिळतात.

धोका आणि मदत

घरी एका जबाबदार माणसाला वाट, मुक्कामाचे गाव आणि परतीची वेळ लिहून द्यावी, कारण खिंडीत आणि दरीत फोनला रेंज नसते. सर्पदंश झाल्यास दंशावर कापू नये, चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये. अंगठी व घड्याळ काढून तो अवयव हलणार नाही असा आधार द्यावा आणि माणसाला चालायला न लावता प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अन्य आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. गवा समोर आला तर थांबावे, त्याला वाट मोकळी ठेवावी आणि हळूहळू मागे सरकावे. तो मान खाली घालून फुसकारत असताना चित्र घेण्याचा मोह आवरावा. अस्वले संध्याकाळी आणि पहाटे फिरतात, म्हणून जंगलाच्या कडेने त्या वेळी जाताना बोलत जावे. ढग गडगडल्याचा आवाज ऐकू आला की पठार लगेच सोडावे, ट्रायपॉड मिटवून.

परतल्यावर

तंबू आणि स्लीपिंग बॅग त्याच दिवशी गच्चीवर सावलीत वाळवावी. ओली घडी आठवडाभर राहिली तर बुरशी धरते आणि कापडावरचा जलरोधक थर सुटतो. कॅमेरा आणि भिंग बाहेरून पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावे, कारण आपल्याकडच्या दमट महिन्यांत भिंगाच्या आत बुरशी शिरली की ती साफ करणे महागात पडते. चित्रे दोन ठिकाणी उतरवून झाल्यावरच कार्ड पुसावे. मग वजनाची वही काढावी आणि फेरीत एकदाही हाताळली न गेलेली प्रत्येक वस्तू, प्रथमोपचाराची पेटी वगळून, खोडून टाकावी.